हवेला पैसे पडतात

आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा तो मेल फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. मार्चअखेरची घाई होती, रात्रपाळी सुरू होती. मेलला एक एक्सेल शीट जोडलेली. ७४ प्रश्न, सगळे इंग्रजीत. तुमच्या कारखान्यातून वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो? पाणी किती वापरता? घातक कचरा किती होतो आणि तो कुठं जातो? तीन आठवड्यांत भरून पाठवा, न आल्यास पुढच्या वर्षीच्या पुरवठादारांच्या यादीत विचार करताना अडचण येईल, असं शेवटी लिहिलं होतं.

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९४ मध्ये दोन लेथवर सुरू केलेलं. आज पाच सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं) आणि २३ माणसं आहेत. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची हाऊसिंग आणि तसलेच बिडाचे भाग आम्ही मशीनिंग करून देतो. कास्टिंग, म्हणजे वितळवून ओतलेला कच्चा भाग, कोल्हापूरच्या शिरोलीतून येतं, तयार माल पुण्याकडे जातो. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला कारखाना उभा राहिला तेव्हापासून सांगली जिल्ह्याच्या हाताला लोखंड ओळखीचं आहे. पण लोखंडातला कार्बन धुराड्याच्या हिशोबात कसा मांडायचा, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

हा मेल का आला, ते शोधायला मला दोन दिवस लागले. शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणं सेबीनं बंधनकारक केलं आहे. त्यांना स्वतःचे आकडे द्यायचे तर पुरवठादारांचे आकडे हळूहळू लागणारच. दुसरीकडे युरोपनं बाहेरून येणाऱ्या लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर कार्बनचा हिशोब मागायला ऑक्टोबर २०२३ पासून सुरुवात केली, आणि जानेवारी २०२६ पासून त्याचे पैसेही लागू झाले. आमचा ट्रॅक्टरचा भाग त्या यादीत आज तरी थेट बसत नाही. पण मोठ्या कंपनीचा एक्स्पोर्ट विभाग धास्तावला की त्याची झळ कुपवाडपर्यंत येते.

एकानं मला फोनवर सांगितलं, "मॅडम, शीट मला द्या, आकडे बसवून देतो, पंधरा हजार." शेजारच्या दोघा-तिघांनी तसंच करून घेतलं. मला ते जमलं नाही. त्याचं कारण सांगायचं तर २०१९ च्या ऑगस्टकडे जावं लागतं. त्या वेळी इर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. कुपवाड उंचावर, आमच्या शेडमध्ये थेंबभर पाणी आलं नाही. पण आमची नऊ माणसं सांगलीवाडी, हरिपूर आणि गावठाणातली. कुणाचं घर छपरापर्यंत पाण्यात, कुणी म्हातारीला पाठीवर घेऊन बाहेर काढलेलं. कारखाना ११ दिवस बंद राहिला. दोन वर्षांत, २०२१ च्या जुलैमध्ये, पुन्हा तेच. पुराला धरणांचं पाणी, पात्रातली बांधकामं, भराव अशी अनेक कारणं आहेत, सगळं हवामानावर ढकलून चालणार नाही. तरी पाऊस पूर्वीसारखा पडत नाही हे आमच्याकडचा प्रत्येक शेतकरी सांगतो. माझ्याच माणसांच्या घरात पाणी शिरलेलं मी पाहिलंय. त्या विषयाच्या कागदावर खोटे आकडे लिहायला माझा हात धजेना.

मग मी लाईट बिलांची फाईल काढली. बारा महिन्यांची बिलं टेबलावर पसरून अण्णांच्या जुन्या वहीत उतरवली. वर्षाला १ लाख ६२ हजार युनिट. आपल्या ग्रिडच्या विजेमागे, ती बहुतांशी कोळशावर तयार होत असल्यानं, युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे ११३ टन. जनरेटरचं डिझेल वर्षाला ७२० लिटर, लिटरमागे २.६८ किलो, म्हणजे दोन टनाच्या आत. मला वाटत होतं जनरेटरचा काळा धूर हा आमचा मोठा दोष. वहीनं सांगितलं की खरा धूर आमच्या शेडमध्ये दिसतच नाही. तो कुठल्या तरी वीज केंद्राच्या चिमणीतून निघतो आणि आमच्याकडे तारेतून येतो.

आता ११३ टनांपैकी नेमकं काय कुठं जातं? याचं उत्तर मला आमच्या फिटर मामांनी दिलं. मामा अण्णांच्या वेळेपासूनचे, वय ६१. मी त्यांना विचारलं, "मामा, वीज वाया कुठं जाते?" ते म्हणाले, "ताई, रविवारी या. सगळं बंद असतंय तवा. आवाज ऐकूया."

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी आम्ही दोघं आणि एक आयटीआयचा पोरगा शेडमध्ये होतो. सगळी मशीन बंद. मामांनी फक्त मशीनना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर सुरू केला, १५ एचपीचा, आणि एअर लाईनचे सगळे वॉल्व्ह उघडे ठेवले. कुठंही हवा वापरली जात नव्हती. टाकी भरली, कॉम्प्रेसर अनलोड झाला, म्हणजे हवा भरायचा थांबला. खरं तर त्यानं आता गप्प बसायला हवं होतं. तीन मिनिटं वीस सेकंदांनी तो परत लोड झाला आणि एक मिनिट चाळीस सेकंद चालला. परत तीन मिनिटं वीस सेकंद शांत. आम्ही मोबाईलवर घड्याळ लावून दहा वेळा मोजलं. पाच मिनिटांतली शंभर सेकंदं, म्हणजे ३३ टक्के. आमच्या कॉम्प्रेसरची एक तृतीयांश ताकद काहीही काम न करता, नुसत्या भोकांतून बाहेर जात होती.

मोटर चालताना ११ किलोवॅटच्या आसपास घेते. तिसरा हिस्सा धरला, दोन पाळ्या, महिन्याचे २५ दिवस, तर जवळपास १,५०० युनिट. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांच्या आसपास पडतं. महिन्याला पंधरा हजार रुपये, आणि एक टन कार्बन डायऑक्साइड. हवा फुकट असते असं आपण म्हणतो. कारखान्यात ती सगळ्यात महाग वस्तू आहे, कारण विजेचा मोठा भाग हवा दाबताना उष्णतेत जातो आणि उरलेल्यातूनच काम होतं.

मग मामांनी चहाच्या भांड्यात साबणाचं पाणी केलं आणि रंगाचा दोन इंची ब्रश घेतला. प्रत्येक जोडावर, कपलरवर, फिल्टरच्या वाटीखाली ब्रश फिरवायचा आणि थांबायचं. फेस फुगला की गळती. मी चिठ्ठ्या बांधत होते, लाल सुतळीनं. तिसऱ्या सीएनसीच्या मागे, पत्र्याच्या आत, सहा मिलीमीटरच्या पाईपाला बारीक चीर होती. ब्रश लावल्याबरोबर तिथं लिंबाएवढा बुडबुडा आला, फुटला, परत आला. त्या पोरानं त्यावर तळहात धरला आणि म्हणाला, "गार लागतंय." ते मशीन तिथं बसवून सात वर्षं झाली होती. संध्याकाळपर्यंत ४१ चिठ्ठ्या झाल्या. त्यातल्या ३० जागी नुसतं टेफ्लॉन टेप, नवा फेरूल किंवा चार इंच पाईप लागला. सगळं सामान मिळून ९,८०० रुपये.

दोन रविवारांनी परत मोजलं. चाळीस सेकंद लोड, सहा मिनिटं चाळीस सेकंद अनलोड. ९ टक्के. मग दाबाकडे वळलो. कॉम्प्रेसर साडेसात बारवर लावलेला, का ते कुणाला माहीत नाही, बसवणाऱ्यानं लावून दिला तसाच. एक बार दाब कमी केला की कॉम्प्रेसरची वीज ६-७ टक्के वाचते. मी उत्साहानं साडेपाचवर आणला. रात्री दीड वाजता फोन. दोन्ही व्हीएमसीवर लो एअर प्रेशरचा अलार्म, टूल चेंज अडकलेला, पाळी थांबलेली. दुसऱ्या दिवशी ६.२ वर ठरवलं, आणि आजतागायत तो तिथंच आहे. एअर गननं अंगावरची धूळ झाडायची सवय सोडवायला मात्र वर्ष गेलं. ते धोक्याचंही आहे. डोळ्यात बारीक बिडाचा कण गेल्यावर काय होतं ते आमच्या एका ऑपरेटरनं भोगलंय.

दिवे बदलले, छपरात काही पारदर्शक पत्रे टाकले, चार वेळा रिवाइंड केलेली एक मोटर काढून कमी वीज खाणारी आयई३ मोटर बसवली. याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पैसे असले की होतं.

कूलंटबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण ती आमची चूक होती. मशीनमध्ये कापताना जे दुधासारखं पाणी वाहतं ते तेल आणि पाण्याचं मिश्रण. दीड-दोन महिन्यांत ते नासतं. सोमवारी सकाळी शेडचं दार उघडलं की कुजलेल्या अंड्यासारखा वास यायचा आणि ऑपरेटरांच्या हातांना खाज सुटायची. मग टाकी उपसायची, आणि ते पाणी मागच्या नाल्यात. वर्षानुवर्षं. आमच्याकडे आणि आजूबाजूला सगळीकडे. आपल्या उताराचं पाणी शेवटी कृष्णेकडेच जातं. शहराचं सांडपाणी आणणाऱ्या शेरीनाल्यानं सांगलीच्या घाटावर नदीची काय अवस्था होते ते आम्ही लहानपणापासून बघतोय, आणि त्यासाठी महापालिकेला नावं ठेवतोय. शीटमधल्या ३१ व्या प्रश्नाचं, 'वापरलेल्या कूलंटची विल्हेवाट', उत्तर लिहायला मी बसले तेव्हा मला खरोखर लाज वाटली.

तेलकट कचरा हा २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतो. तो नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, अधिकृत माणसालाच द्यायचा, त्याचं मॅनिफेस्ट, म्हणजे माल कुठून कुठं गेला याचा कागद, ठेवायचं आणि ३० जूनपर्यंत वार्षिक विवरण भरायचं. कागदपत्रं जमली. पण अडचण वेगळीच निघाली. आमच्यासारख्या लहान कारखान्याचा दोन-तीन बॅरल माल उचलायला अधिकृत गाडी येत नाही. फेरी परवडत नाही म्हणतात. शेवटी आम्ही आठ कारखान्यांनी मिळून एकच तारीख ठरवली. प्रत्येकानं आपापलं संमतीपत्र, आपापलं मॅनिफेस्ट करायचं, पण गाडी एकच बोलवायची. हे ठरवायला चार बैठका लागल्या. कारण आपल्या बॅरलमध्ये काय आहे हे शेजाऱ्याला सांगायला प्रत्येक जण कचरत होता.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कूलंट नासू नये. नासतं ते दोन कारणांनी. मशीनच्या सरकत्या भागांचं तेल गळून वर तवंग धरतं, खाली हवा पोचत नाही आणि जंतू वाढतात. आणि आमचं बोअरचं पाणी जड, त्यात मिश्रण फुटतं. तवंग काढायला बेल्टचे स्किमर बसवले. पूर्वी पोरं अंदाजानं डबा ओतायची. आता मिश्रण किती घट्ट ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकून, उजेडाकडे धरून बघतात. सहा ते आठच्या मध्ये रेघ हवी. ते बघणं पोरांना आवडतं. मोजायला मिळालं की माणूस जपतो, हे मी याच थेंबावर पाहिलं. दोन महिन्यांचं कूलंट आता सात-आठ महिने जातं.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यात माझा सगळ्यात जास्त जीव गुंतला. वहीत मी एक ओळ अशीच उत्सुकतेपोटी लिहिली होती. आम्ही वर्षाला साधारण २४० टन कास्टिंग घेतो. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला ५५० ते ६५० युनिट लागतात. सहाशे धरले तर १ लाख ४४ हजार युनिट. म्हणजे आमच्या अख्ख्या कारखान्याला वर्षभर जितकी वीज लागते, जवळजवळ तितकीच वीज माल आमच्या गेटवर यायच्या आधीच खर्च झालेली असते. आणि त्या कास्टिंगचं आम्ही काय करतो? हाऊसिंगचं कच्चं वजन ११.४ किलो, तयार वजन ८.९. अडीच किलो लोखंड आम्ही चुरा करून कोपऱ्यात टाकतो. भंगारवाले त्याला बोरिंग म्हणतात. तो चुरा परत भट्टीत जातो, परत वीज खातो, परत कास्टिंग होऊन माझ्याकडे येतो आणि मी त्याचा परत चुरा करते. त्या ढिगाकडे मी तीस वर्षं बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला वीज म्हणून दिसला.

मी शिरोलीला गेले. फौंड्रीचे मालक अण्णांचे मित्र, मी त्यांना काका म्हणते. मी म्हटलं, "काका, मशीनिंगसाठी चार मिलीमीटर जादा ठेवताय, ते अडीचवर आणूया का? सीएनसीला एवढं लागत नाही." काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, मी किलोवर विकतो. वजन कमी केलं तर माझंच बिल कमी. आणि पॅटर्न बदलायचा खर्च कुणाचा?" ते चुकीचं बोलत नव्हते. आमच्या धंद्यात सगळ्यांचे पैसे वजनावर ठरलेत, म्हणून वजन वाचवण्यात कुणाचाच फायदा नाही. दोन महिने आमचं बोलणं चाललं. शेवटी दर नगावर आणायचं ठरलं. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा उठवतात तो नमुना, त्याच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च माझा, आणि वाचलेल्या वजनातला ठरावीक हिस्सा त्यांच्या दरात. पूर्वीपेक्षा त्यांची भट्टी कमी वितळवते आणि नगामागे त्यांना थोडे जास्तच सुटतात.

पहिल्या लॉटमध्ये मार खाल्ला. ४० नगांपैकी १३ नगांना काळं राहिलं, म्हणजे टूल फिरूनही वरची कातडी पूर्ण निघाली नाही. कास्टिंगच्या वरच्या थरात वाळू आणि कडकपणा असतो. पूर्वी चार मिलीमीटरच्या पोटात तो आपोआप निघून जायचा. आता मोल्डचे, म्हणजे साच्याचे, दोन अर्धे जरा जरी सरकले तरी एका बाजूला घेण्यासारखं काही उरत नव्हतं. इन्सर्टच्या, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाच्या, कडाही तुटल्या. मामा म्हणाले, "जुनं बरं होतं ताई." पण काका स्वतः कुपवाडला आले, १३ नग ओळीनं मांडले, प्रत्येकाच्या सरकलेल्या बाजूवर खडूनं खूण केली आणि काही न बोलता गाडीत घालून घेऊन गेले. पंधरा दिवसांत त्यांनी मोल्डिंग बॉक्सच्या पिना आणि बुश बदलून घेतले. दुसऱ्या लॉटला एकच नग गेला. आम्ही ज्या बाजूला जास्त सरकतं तिथं तीन मिलीमीटर ठेवले. कच्चं वजन १०.८ वर स्थिरावलं. महिन्याला ६०० नगांवर ३६० किलो लोखंड आता वितळायचंच नाही आणि कापायचंही नाही. एका नगाला लागणारा वेळही कमी झाला.

या ३६० किलोंचा आकडा मी शीटमध्ये लिहिला तर गिऱ्हाइकाकडून उत्तर आलं, "या मुद्द्यासाठी रकाना नाही." त्यांच्या रकान्यात सोलर किती किलोवॅट, एलईडी किती टक्के, झाडं किती लावली हे होतं. मला याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं. प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा तरी मशीन शॉपमध्ये उभं राहून बोरिंगचा ढीग बघायला हवा होता.

आणि आणखी एक, हे स्पष्टच लिहिते. आमच्याकडून हिशोब मागणारं हेच गिऱ्हाईक आमचे पैसे नव्वद-शंभर दिवसांनी देत होतं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं ते ४५ दिवसांत द्यायला हवेत. २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्यानंतर थोडी सुधारणा झाली. पण माझे तीन महिन्यांचे पैसे अडकलेले असताना मी आयई३ मोटर कशातून घ्यायची? लहान उद्योगाला पर्यावरणाची जाण नसते असं म्हणणाऱ्यांना मी सांगते, आमच्याकडे खेळतं भांडवल नसतं. बिल वेळेवर मिळणं ही लहान कारखान्यासाठी सगळ्यात मोठी हरित योजना आहे, आणि त्याला सरकारचा एक रुपया लागत नाही.

बँकेचाही अनुभव असाच. सोलरसाठी कर्ज मागायला गेले तेव्हा अधिकारी म्हणाले, "व्हीएमसी घेताय तर देतो. यातून उत्पादन काय वाढणार?" मी त्यांच्यापुढे बारा महिन्यांची बिलं आणि माझी वही ठेवली. त्यांनी वही वाचली, खरंच वाचली, पण तारण मागितलंच. अण्णांनी विश्रामबागचा प्लॉट दिला. शेडचे १९९४ चे सिमेंटचे पत्रे पॅनेलचं वजन घेऊ शकत नव्हते, म्हणून आधी छप्पर बदललं. खर्चाचा मोठा भाग तिथंच गेला, आणि कोटेशन देणाऱ्यांपैकी कुणीही तो आधी सांगितला नव्हता. २०२५ च्या जानेवारीत ३० किलोवॅट बसले. चांगल्या उन्हात दिवसाला १२० युनिटच्या आसपास येतात.

एप्रिलमध्ये ते ९५ वर आले. वर चढून बघितलं तर पॅनेलवर पांढरे ओघळ. आम्ही दर आठवड्याला बोअरच्या जड पाण्यानं धूत होतो आणि वाळलं की क्षार काचेवर बसत होते. जे पाणी कूलंट फोडत होतं तेच पाणी. नव्या छपराला पन्हळ लावून घेतली होती, तिच्याखाली दहा हजार लिटरची टाकी ठेवली. जूनपासून पावसाचं पाणी साठतं. तेच कूलंटमध्ये घालतो आणि तेच पॅनेल पुसायला. जुने ओघळ निघायला तीन वेळा मऊ फडक्यानं पुसावं लागलं.

झेड, म्हणजे 'झीरो डिफेक्ट झीरो इफेक्ट', प्रमाणपत्राचंही सांगते, कारण अनेक जणी विचारतात. केंद्र सरकारची ही योजना एप्रिल २०२२ पासून आहे. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे टप्पे. महिलांच्या नावावरच्या उद्योगांना प्रमाणपत्राचं शुल्क पूर्ण माफ आहे. ब्राँझ सोपं आहे, पाच निकष. फोटो काढून अपलोड करायचे. सिल्व्हरच्या वेळी मात्र वही उपयोगी पडली, कारण तिथं मोजमाप दाखवावं लागतं. घ्या. पण प्रमाणपत्र भिंतीवर लागल्यानं मीटर हळू फिरत नाही, एवढं लक्षात ठेवून घ्या.

आजचा हिशोब असा. वर्षाला ग्रिडमधून घेतलेली वीज १ लाख ६२ हजारांवरून ९८ हजारांवर आली आहे, आणि उत्पादन तेव्हापेक्षा थोडं जास्तच आहे. यातला अर्ध्याहून अधिक वाटा सोलरचा. पण गळती आणि दाबातली बचत आम्ही जवळपास फुकटात मिळवली, आणि ती आधी केली म्हणून ३० किलोवॅट पुरले. उलट्या क्रमानं गेलो असतो तर भोकांतून जाणाऱ्या हवेसाठी पॅनेल घेतले असते. कास्टिंगमधली बचत या आकड्यात नाही. ती शिरोलीच्या मीटरवर दिसते.

काल रविवार होता. दर तीन महिन्यांनी आम्ही कॉम्प्रेसर परत मोजतो. मामा निवृत्त झाले, पण या रविवारांना येतात. आयटीआयचा तो पोरगा आता पाळी सांभाळतो, ब्रश त्याच्या हातात असतो. टक्केवारी ९ वरून १४ वर गेली होती. पाईप जुने होतात, कपलर सैल होतात. मामांनी टेपची रिळं मागवली. नऊ चिठ्ठ्या बांधल्या, दुपारपर्यंत सहा सुटल्या. तीन राहिल्यात, त्यातली एक परत तिसऱ्या सीएनसीच्या मागची.